संगणकाच्या भाषांचे नियम तपासताना

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत एका पालकांनी आम्हाला विचारले, “सर, आमची पोरगी म्हणते संगणकाच्या भाषांवर संशोधन करायचं. म्हणजे ती नेमकं करणार काय? आणि पगार कोण देणार?” तेवढ्यात वाढपी आले आणि आमचे उत्तर अर्धेच राहिले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते पूर्ण करीत आहोत.

आम्ही विद्यापीठात ज्या विषयात काम करतो त्यात प्रोग्राम लिहून विकणे येत नाही. प्रोग्राम ज्या भाषांत लिहिले जातात, त्या भाषांचे नियम भक्कम आहेत की नाहीत हे तपासणे, हे आमचे काम. आपल्या वसतिगृहाच्या कोठीघराची नोंदवही ज्यांनी लिहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. तांदूळ किलोत, तेल लिटरमध्ये, वह्या नगांत. बारा किलो तांदूळ आणि पाच लिटर तेल मिळून ‘एकूण सतरा’ असे कोणी लिहिले, तर कोठीचे गुरुजी ती ओळ खोडून टाकीत. बारा आणि पाच सतराच होतात. पण ही बेरीज करणेच चूक असते. संगणकाला हा विवेक उपजत नसतो. त्याच्या दृष्टीने सारे आकडेच. म्हणून प्रत्येक आकडा कोणत्या ‘प्रकारा’चा आहे याची नोंद भाषेनेच ठेवावी आणि विसंगत व्यवहार प्रोग्राम चालण्यापूर्वीच अडवावा, अशी योजना करतात.

ही केवळ टापटीप नव्हे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. यानाच्या लहान इंजिनांनी दिलेल्या रेट्याचे आकडे एका प्रोग्रामने पौंडाच्या मापात दिले आणि पुढच्या टप्प्यात ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले गेले. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा फार खाली उतरले. विशेष असे की, त्याच्या तीनच वर्षे आधी, १९९६ मध्ये, केंब्रिज विद्यापीठात अँड्र्यू केनेडी यांनी मोजमापाची एककेच भाषेच्या प्रकारांत कशी गुंफावीत यावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला होता. पुढे एफ-शार्प या भाषेत ती सोय प्रत्यक्षात आली. प्रबंध ग्रंथालयात होता आणि यान मंगळाच्या वाटेवर होते. या दोहोंमधले अंतर पाहून आम्हाला आजही चुटपुट लागते.

आता संशोधन म्हणजे काय? चाचणीने हजार प्रोग्राम तपासता येतात. पण एखाद्या भाषेत लिहिता येणाऱ्या प्रोग्रामांना अंत नाही. त्या सर्वांविषयी एकदम बोलायचे तर गणिती सिद्धताच लागते. एडिंबरो विद्यापीठाचे रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये एका छोट्या भाषेविषयी दाखवून दिले की, प्रकारांच्या तपासणीतून पार पडलेला कोणताही प्रोग्राम चालताना प्रकारांचा घोळ करणार नाही. आमच्या विषयात या प्रमेयाला पायाच्या दगडाचे स्थान आहे.

परंतु त्या छोट्या भाषेत एकदा ठेवलेली वस्तू नंतर बदलण्याची सोय नव्हती. ती सोय आल्यावर जुना नियम जसाच्या तसा लावला, आणि भिंतीला तडा गेला. पुन्हा कोठीघरात जाऊ. एका रिकाम्या डब्यावर ‘यात काहीही चालेल’ अशी चिठ्ठी आहे. एकाने चिठ्ठी वाचून त्यात तांदूळ ओतले. दुसऱ्याने तीच चिठ्ठी वाचून, यात तेल असू शकते असे धरून, डबा कढईत उपडा केला. नियम दोघांनीही पाळला आणि तरीही कढईत तांदूळ पडले. यावर अनेक वर्षे एकाहून एक गुंतागुंतीचे उपाय सुचविले गेले. अखेर १९९५ मध्ये अँड्र्यू राइट यांनी सांगितले की, नव्या डब्यावर ‘काहीही’ ही चिठ्ठी लावूच नये. त्यात कोणती एक वस्तू राहील ते ठरवावे. एवढ्या साध्या नियमाने जुने प्रोग्राम मोडतील अशी भीती होती. राइट यांनी प्रत्यक्ष वापरातले प्रोग्राम तपासून ती निराधार असल्याचे दाखविले, आणि १९९७ च्या सुधारित स्टँडर्ड एमएल भाषेत तो नियम आला. इतके सोपे उत्तर सापडायला इतका काळ का लागावा, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही वाटते.

रोजचे काम याच जातीचे. फळा, खडू, आणि एका प्रमेयासाठी कधी कधी वर्षभर. आमच्या संशोधनाच्या तिसऱ्या वर्षी निबंध पाठविण्यास अकरा दिवस राहिले असताना आमच्याच एका उपप्रमेयात भोक सापडले. ‘हे उघडच आहे’ असे लिहून आम्ही जी ओळ ओलांडली होती, तिथेच ते होते. निबंध त्या वर्षी गेला नाही. घरी आईला सांगताना कशात नापास झालो हेही धड सांगता येईना. त्यानंतर आम्ही सिद्धता ‘कॉक’ नावाच्या प्रणालीकडून तपासून घेऊ लागलो. ‘उघडच आहे’ हे तिला चालत नाही.

आता पगार. गणित वा संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, त्यानंतर ४२,०००. आपल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेचीही अधिछात्रवृत्ती आहे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज लागतात आणि त्या काळात बरोबरीची मुले घर बांधतात; हे आम्ही लपवीत नाही. त्यानंतर विद्यापीठात अध्यापन, किंवा भाषा आणि कंपायलर घडविणाऱ्या कंपन्यांत काम. मुंबई व दिल्लीच्या आयआयटींत आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या क्षेत्रात संशोधन चालते. या विषयाची पॉपल ही आंतरराष्ट्रीय परिषद १९७३ पासून भरते. जानेवारी २०१५ मध्ये ती मुंबईत भरली होती.

त्या पालकांचे नाव विचारण्याचे राहून गेले. हा लेख त्यांच्या हाती पडला, तर त्यांनी मुलीला तो डब्याचा भाग वाचून दाखवावा. मात्र राइट यांचे उत्तर येण्यापूर्वी थांबावे आणि तिला काय सुचते ते पाहावे. तिचे उत्तर वेगळे निघाले, तर शाळेच्या पत्त्यावर आम्हाला अवश्य कळवावे.