विश्लेषण : स्वराघातामुळे ‘पुरुष’ ठरलेली युनिया कोण होती?

येशूचे प्रेषित म्हटले की पीटर, पॉल, जॉन हीच नावे आठवतात. पण पहिल्या शतकातील एका पत्रात युनिया नावाच्या स्त्रीचा उल्लेख प्रेषितांच्या संदर्भात येतो. पुढे काही शतके तिला पुरुष समजले गेले. हे कसे घडले?

उल्लेख नेमका कुठे आहे?
बायबलच्या नव्या करारातील ‘रोमकरांस पत्र’ पॉलने इसवी सन ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिले. त्याच्या सोळाव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात रोममधील परिचितांना नमस्कार आहेत. त्यात अंद्रोनीक आणि युनिया ही दोन नावे एकत्र येतात. दोघांनी पॉलप्रमाणेच तुरुंगवास भोगला होता आणि ती दोघे त्याच्याही आधी ख्रिस्ती झाली होती. ती बहुधा पती-पत्नी असावीत.

युनियाचा ‘युनियास’ कसा झाला?
ग्रीक वाक्यात हे नाव द्वितीया विभक्तीत आहे. या रूपात ते युनिया या स्त्रीचे की युनियास या पुरुषाचे, हे केवळ स्वराघाताच्या चिन्हावरून ठरते आणि सर्वात जुन्या हस्तलिखितांत ती चिन्हेच नाहीत. चौथ्या शतकातील धर्मगुरू जॉन क्रिसोस्टोम यांनी तिला स्त्री मानूनच तिची स्तुती केली होती. मात्र मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून पुरुषी वाचन पुढे आले. मार्टिन ल्यूथरच्या जर्मन भाषांतरातही ती पुरुष झाली. स्त्री प्रेषित असूच शकत नाही, हे गृहीतक त्यामागे होते.

दुरुस्ती कधी झाली?
प्राचीन रोममध्ये ‘युनिया’ हे सर्रास आढळणारे नाव होते. शिलालेखांत ते शेकडो वेळा सापडते, ‘युनियास’ मात्र सापडत नाही. १९२७ पासून पुरुषी रूप छापणाऱ्या प्रमाण ग्रीक आवृत्तीने अखेर १९९८ मध्ये ‘युनिया’ स्वीकारले.

मग वाद संपला का?
नाही. ती ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ होती की ‘प्रेषितांना सुपरिचित’ होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिल्या अर्थाने ती स्वतः प्रेषित ठरते, दुसऱ्या अर्थाने ठरत नाही.

आणखी कोण होते?
याच अध्यायात दहा स्त्रियांचा उल्लेख आहे. पहिली फिबी. ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातील मंडळीची ‘दियाकोनोस’ होती आणि हे पत्र तिनेच रोमला नेले असावे. या शब्दाचे भाषांतर कुठे ‘सेविका’, तर कुठे ‘डीकन’ असे होते. प्रिस्किल्ला आणि तिचा पती अक्विला तंबू बनवण्याचा व्यवसाय करत. अपुल्लो या विद्वान वक्त्याला दोघांनी मिळून शिकवले. नव्या करारातील सहा उल्लेखांपैकी चार ठिकाणी तिचे नाव पतीच्या आधी येते. पॉलने सांगितलेले पत्र प्रत्यक्ष लिहून घेणारा लेखनिक तर्तियसही स्वतःचा नमस्कार त्यात नोंदवतो.

आज याचे महत्त्व काय?
कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना डीकनपद द्यावे का, याच्या अभ्यासासाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये आयोग नेमले. फिबीचे नाव या चर्चेत वारंवार येते. त्यामुळे तिच्यासाठी वापरलेल्या एका ग्रीक शब्दाचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न आज केवळ भाषांतरकारांपुरता उरलेला नाही.