जर्मनीत इंग्रजी लॅपटॉप

बर्लिनच्या दुकानातला लॅपटॉप जर्मनमध्ये सुरू होतो, त्याला घाबरायचं कारण नाही. विंडोज ११ ची भाषा सेटिंग्जमध्ये फुकट बदलता येते. ‘सिंगल लँग्वेज’ आवृत्ती नाही ना, एवढं बघून घ्या. मॅक तर सुरुवातीलाच भाषा विचारतो.

खरी गोची कीबोर्डची. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल झालेली असते, पी आणि एलच्या शेजारी उम्लाउटवाली अक्षरं ठाण मांडून बसतात. ईमेलमधलं ॲटचं चिन्ह हवं तर विंडोजवर ऑल्ट-जीआर धरून क्यू दाबायचा. सेटिंग बदललं की कळा इंग्रजीप्रमाणे चालतात, पण छापलेली अक्षरं तीच राहतात. न बघता टाइप करणाऱ्याचं त्यात भागतं. एकेक अक्षर शोधत टाइप करणाऱ्याने मात्र त्या वाटेला जाऊच नये. स्टिकर चिकटवणं म्हणजे तात्पुरती मलमपट्टी.

ॲपलच्या जर्मन ऑनलाइन दुकानात ऑर्डर देतानाच इंग्रजी कीबोर्ड निवडता येतो. ऑनलाइन खरेदी सहसा १४ दिवसांत परत करता येते. खास तुमच्यासाठी बनवून घेतलेल्या वस्तूला ही सवलत मिळेलच असं नाही, हे आधी विचारा. आणि भारतातून नवा लॅपटॉप नेणार असाल, तर विमानप्रवाशाला करमाफी ४३० युरोंपर्यंतच आहे.