परवाने व नोंदणी, व्यावसायिक
नवा व्यापार वा उद्योग सुरू करताना कायद्यानुसार घ्याव्या लागणाऱ्या अनुमती व कराव्या लागणाऱ्या नोंदी. नोंदणी म्हणजे व्यवसायाच्या अस्तित्वाची शासनदफ्तरी झालेली नोंद. परवाना (अनुज्ञप्ती) म्हणजे एरवी निषिद्ध असलेली कृती ठराविक अटींवर करण्याची मुभा. हा भेद केवळ शाब्दिक नाही. २०२० पासून चालू असलेल्या उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र विनाशुल्क मिळते. परंतु ते मिळताच कारखाना चालविण्याची अनुमती मिळाली, हा समज चुकीचा आहे.

वऱ्हाडात परवान्याची कल्पना कापसाच्या बाजारातून रुजली. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार स्थापन झाला. पुढे १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने अडते, मापारी इत्यादींस परवाना आवश्यक ठरला. मापात होणारी शेतकऱ्याची नागवणूक थांबविणे, हा त्यामागील हेतू होता. स्वातंत्र्योत्तर काळात उद्योग (विकास व विनियमन) अधिनियम, १९५१ अन्वये मोठ्या उद्योगांस केंद्राचा परवाना घ्यावा लागे. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने काही मोजके उद्योग वगळता तो रद्द झाला. राज्य व स्थानिक पातळीवरील अनुमती मात्र राहिल्या.

अमरावती–नागपूर महामार्गालगतच्या नांदगाव पेठ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे (स्थापना १९६२) क्षेत्र असून तेथील वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला २० सप्टेंबर २०२४ रोजी बसविण्यात आली. अशा क्षेत्रात भूखंड भाडेपट्ट्याने मिळतो आणि इमारतीचे नकाशे महामंडळच मंजूर करते. त्यामुळे शेतजमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न उद्‌भवत नाही. क्षेत्राबाहेर शेतात शेड उभारणाऱ्यास तो प्रथम सोडवावा लागतो.

खरी कसोटी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची. जल अधिनियम, १९७४ व वायू अधिनियम, १९८१ यांनुसार प्रदूषणकारी उद्योगास उभारणीपूर्वी ‘स्थापनेची’ आणि उत्पादनापूर्वी ‘चालविण्याची’, अशी दोनदा संमती घ्यावी लागते. सांडपाणी सोडणारी कापडाची रंगाई ‘लाल’ वर्गात मोडते. निव्वळ सूतकताई व विणकाम यांवरील बंधने सौम्य आहेत. लहान उद्योजकाने यंत्रे आधी विकत घेऊन संमतीचा अर्ज मागाहून करणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. कारण यंत्रे बंद असली, तरी कर्जावरील व्याज चालूच राहते.

वस्तू व सेवा कराची नोंदणी (१ जुलै २०१७ पासून) महाराष्ट्रात सामान्यतः वस्तूंच्या ४० लाख व सेवांच्या २० लाख रुपयांहून अधिक वार्षिक उलाढालीस आवश्यक असते. परराज्यात माल विकणाऱ्यास ही मर्यादा सामान्यतः लागू नाही. भागीदारी संस्थेची नोंदणी १९३२ च्या अधिनियमानुसार ऐच्छिक आहे. तथापि नोंदणी नसलेल्या संस्थेस करारावरून त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यास याची जाणीव बहुधा वसुलीच्या वेळीच होते. याखेरीज व्यवसाय कर (१९७५ चा अधिनियम), खाद्यपदार्थांसाठी २००६ च्या अधिनियमानुसार नोंदणी वा परवाना, तसेच सामान्यतः १० कामगारांपासून राज्य विमा व २० पासून भविष्य निर्वाह निधी यांची बंधने येतात. कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहितेने घेतली असून विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा १० वरून २० झाली आहे.

अर्ज एकाच ठिकाणी स्वीकारण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये ‘मैत्री’ कक्षाचा अधिनियम केला. खिडकी एक झाली, तरी निर्णय देणारे अधिकारी वेगवेगळेच आहेत. संमतिपत्रात उत्पादनाचे नाव व प्रमाण नमूद असते; विणकामाच्या संमतीवर पुढे रंगाई सुरू करावयाची झाल्यास नव्याने अर्ज करावा लागतो.