हेल्मेटच्या काचेवरील बाष्प
(रस्ता आणि विज्ञान : लेखांक सहावा)

मागील लेखांकात ओल्या डांबरावर चाकाची पकड का सुटते याचा विचार आपण सविस्तर केला. परंतु पकड सुटण्याच्या आधीच ज्याला समोरचा रस्ता दिसेनासा झाला आहे, त्या स्वाराला तो सगळा विचार कितीसा उपयोगी पडणार? म्हणून या आठवड्यात दिसावयास क्षुल्लक, पण परिणामाने अत्यंत गंभीर अशा एका अडचणीचा परामर्श घ्यावयाचा आहे. ती अडचण म्हणजे पावसाळ्यात हेल्मेटच्या काचेवर आतल्या बाजूने जमणारे बाष्प. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटर रस्ता मागे टाकते. काच पांढरी झाल्यापासून ती पुसून पुन्हा नीट दिसू लागेपर्यंत तीन सेकंद गेले, तर तेवढ्या अवधीत ३३ मीटरांचे अंतर स्वाराने वस्तुतः डोळे मिटून कापलेले असते.

या विवेचनासाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरुड हे गाव मी मुद्दाम निवडले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. याच गावातून तरुण वयात ते भर पावसात डोंगर तुडवीत परीक्षेसाठी पायी साताऱ्यास गेले होते. आज मुरुडकराची परीक्षा, कचेरीतले काम, न्यायालयातील तारीख, औषधपाणी आणि बाजारहाट ही सारी बहुतांशी बारा-एक किलोमीटरांवरच्या दापोलीस असतात, आणि एस. टी.ची वेळ जमली नाही की घरची मोटारसायकल हेच त्याचे वाहन ठरते. माडापोफळींच्या सावलीतून, समुद्राच्या पातळीवरून निघालेला हा स्वार आसूदची चढण चढून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर जातो, आणि तेवढ्या चढात हवा एक ते दीड अंशाने गार होते. वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्या एक-दीड अंशाला किती महत्त्व आहे हे पुढे दिसून येईल.

तत्पूर्वी कायद्याविषयी दोन शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२९ अन्वये दुचाकीस्वाराला हेल्मेटची सक्ती आहे; २०१९ च्या दुरुस्तीने हेल्मेट न घालणाऱ्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना स्थगित, अशी शिक्षा मुक्रर केली; आणि १ जून २०२१ पासून भारतीय मानक ४१५१ प्रमाणे आय. एस. आय. चिन्ह असलेल्या हेल्मेटखेरीज अन्य हेल्मेट विकण्यास मनाई झाली. कायद्याने डोक्याचा बंदोबस्त असा उत्तम केला आहे. डोळ्यांसमोरची काच निर्मळ राखण्याचे काम मात्र स्वाराकडेच राहिले, आणि तेथेच सारी गोष्ट फसते. काच पांढरी झाली की स्वार ती वर करतो, मग पावसाचे सपकारे डोळ्यांत जातात, मग तो हेल्मेटच काढून आरशाला किंवा कोपराला अडकवतो. हेल्मेट असूनही ते डोक्यावर नाही, असे दृश्य कोकणच्या रस्त्यांवर पावसाळ्यात वारंवार दिसते, त्याच्या मुळाशी पुष्कळ वेळा बेफिकिरी नसून हे बाष्पच असते, अशी माझी खात्री आहे. ज्याला ही अडचण दूर करता आली, त्याने एका माणसाच्या डोक्यावर हेल्मेट टिकवले असे मी समजेन.

आता कारणाकडे वळू. बाहेर पाऊस पडतो म्हणून काचेवर आतून पाणी येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु हे पाणी पावसाचे नसते, ते आपल्याच उच्छ्वासाचे असते. फुप्फुसांतून बाहेर येणारी हवा सुमारे ३४ अंश तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, म्हणजे तिच्या एका घनमीटरात ३८ ग्रॅमच्या आसपास पाणी अदृश्य रूपाने सामावलेले असते. हवा जितकी थंड, तितकी तिची बाष्प धारण करण्याची शक्ती कमी, हा निसर्गाचा नियम आहे. २६ अंशांची हवा घनमीटरामागे फार तर २४ ग्रॅम बाष्प धरू शकते. तेव्हा उच्छ्वास पावसाने गारठलेल्या काचेला जाऊन भिडला की वरचे बाष्प त्याला सोडून द्यावेच लागते, आणि शिजत्या भाताच्या झाकणाला आतून पाणी धरावे, त्याप्रमाणे ते काचेला धरते. मात्र येथे ते ठळक थेंबांच्या रूपाने न येता डोळ्यांना वेगवेगळे न दिसणाऱ्या सूक्ष्म बिंदूंच्या रूपाने येते. पाणी तर पारदर्शक आहे, मग काच पांढरी का दिसते? कारण असा प्रत्येक बिंदू म्हणजे एक गोलसर भिंग असून तो प्रकाशकिरणाची दिशा बदलतो. असे लक्षावधी बिंदू शेजारीशेजारी बसले की प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या वाहनाचा एकच दिवा सगळ्या काचेवर पसरतो.

येथवरची उपपत्ती कोणत्याही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सापडेल. परंतु थंड आणि कोरड्या देशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतला उपाय, म्हणजे हेल्मेटची हवेची छिद्रे उघडून बाहेरचा वारा आत घेणे, मुरुडच्या पावसात पुरा पडत नाही, आणि तो का पडत नाही हे समजून घेणे अगत्याचे आहे. समजा, आषाढातल्या एका सकाळी बाहेरची हवा २६ अंशांची आणि ९५ टक्के आर्द्र आहे. तिच्यात घनमीटरामागे २३ ग्रॅम बाष्प आधीच आहे आणि तिची कमाल मर्यादा २४ ग्रॅमची. म्हणजे आणखी बाष्प सामावून घ्यावयास तिच्यापाशी जेमतेम एका ग्रॅमची सवड उरली. उलट पुण्याच्या हिवाळ्यातली १२ अंशांची, ६० टक्के आर्द्र अशी पहाटेची हवा घेतली, तर ती थंड असूनही तिच्यात चार ग्रॅमांहून अधिक सवड असते. हिवाळ्यात पुण्याचा स्वार काच किंचित उघडतो आणि वारा बाष्प उचलून नेतो. पावसाळ्यात मुरुडच्या स्वाराने तेच केले, तर आत येणारा वारा स्वतःच पाण्याने काठोकाठ भरलेला असतो. त्यातच काच बाहेरून पावसाने भिजून हवेपेक्षा अर्धा-एक अंश अधिक थंड झालेली असते, आणि आसूदच्या चढणीवर हवेचे आणि तिच्याबरोबर काचेचे तापमान आणखी उतरते; मग ती उरलीसुरली सवडही संपते. चढणीवर वेग कमी होतो, वारा मंदावतो आणि काच पुरती आंधळी होते, या अनुभवाचे कारण हे आहे.

याचा अर्थ वायुवीजन निरुपयोगी आहे असा कोणी करू नये. आत कोंडलेला उच्छ्वास ३८ ग्रॅमांचा आहे आणि बाहेरची हवा २३ ग्रॅमांची, तेव्हा अदलाबदल जितकी होईल तितकी हिताचीच. हनुवटीपाशी आणि माथ्यावर असलेली छिद्रे उघडी ठेवावीत, काच एक खाच वर करता येत असेल तर गावातून हळू जाताना ती तशी ठेवावी, आणि श्वास तोंडाने न सोडता नाकाने सोडण्याची सवय लावून घ्यावी, कारण नाकपुड्यांचा झोत खाली जातो आणि तोंडाचा झोत सरळ काचेवर. तोंडाला रुमाल बांधणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रुमाल उच्छ्वासाला पुढे जाऊ देत नाही, म्हणून उच्छ्वास नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर सरकून डोळ्यांसमोर येतो, चष्मा लावणाऱ्यांना याचा प्रत्यय करोनाच्या साथीत मुखपट्टी वापरताना आलेलाच आहे. काही हेल्मेटांत नाकावर बसणारी रबराची लहानशी आडपट्टी मिळते. ती उच्छ्वास खाली वळवते आणि तिची किंमत तिच्या उपयोगाच्या मानाने काहीच नाही.

परंतु खरा उपाय दुसरा आहे, आणि तो असा, की पाणी जमू नये यासाठी झगडण्यापेक्षा जमलेले पाणी बिंदूंच्या रूपाने राहणार नाही अशी तजवीज करावी. हेल्मेटची काच काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे कणखर प्लास्टिक असते. त्या पृष्ठाला पाण्याचे फारसे आकर्षण नाही, आणि पाण्याचा स्वतःचा पृष्ठताण मोठा, म्हणून पाणी तेथे पसरण्याऐवजी गोळा होऊन बसते. साबणाचे रेणू एका टोकाने पाण्याला धरतात आणि दुसऱ्याने त्याच्यापासून दूर राहू पाहतात. त्यांचा अत्यंत पातळ थर काचेवर असला की पाण्याचा पृष्ठताण उतरतो, बिंदू एकमेकांत मिसळून सपाट पापुद्र्यासारखे पसरतात, आणि सपाट पापुद्र्यातून प्रकाश सरळ पार होतो. पाणी असते, पण आड येत नाही.

कृती साधी आहे. काच आतून स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. भांडी घासण्याचा द्रवरूप साबण किंवा लहान मुलांचा शांपू यांचे एक-दोन थेंब बोटाने सर्वत्र चोळावेत. तो थर वाळला की जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसत जावे, मात्र पाण्याने धुऊ नये. काच पुन्हा निर्मळ दिसू लागली म्हणजे थर गेला असे नाही; जेवढा हवा तेवढा तो राहिलेला असतो. पावसाळी हवेत हा थर फार दिवस टिकत नाही, एकदोन दिवसांच्या प्रवासात तो पाण्याबरोबर ओघळून जातो, म्हणून पुन्हा लावावा लागतो. ज्या घरी रिठे आहेत त्यांनी रिठ्याचे पाणी वापरावयास हरकत नाही, कारण रेशीम आणि दागिने धुण्यासाठी आपण ज्याच्या भरवशावर राहत आलो, तो रिठ्याचा फेस सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा असून तेही पृष्ठताण उतरवण्याचेच काम करते. फक्त ते डोळ्यांना फार झोंबते, हे विसरू नये.

डोळ्यांना झोंबण्याचा हा मुद्दा किती गंभीर आहे, हे अंतराळवीरांच्या अनुभवावरून कळते. ५ जून १९६६ रोजी जेमिनी-९ए या यानातून बाहेर पडलेला अमेरिकन अंतराळवीर युजीन सर्नन पोकळीत श्रम करू लागला तेव्हा त्याच्या पोशाखातील शीतनव्यवस्थेला त्याचा घाम आणि उच्छ्वास पेलवेना. शिरोवेष्टनाची काच आतून इतकी धूसर झाली, की नाकाच्या शेंड्याने घासून केलेल्या फटीतून त्याला पाहावे लागले, आणि पाठीवर बांधून उडावयाच्या यंत्राची नियोजित चाचणी सोडून त्याला आत परतावे लागले. त्यानंतरच्या मोहिमांत काचेला आतून बाष्परोधक द्रव पुसण्याचा प्रघात पडला. पुढे एप्रिल २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करीत असताना कॅनडाचा क्रिस हॅडफील्ड याच्या डोळ्यात तोच द्रव गेला; गुरुत्वाकर्षणाच्या अभावी अश्रू गळेनात, ते दुसऱ्या डोळ्यात पसरले, आणि काही काळ त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले. आपल्याकडे अश्रू गळून जातात एवढाच काय तो आपला फायदा. परंतु घाटाच्या वळणावर एक डोळा झोंबू लागणे हेही पुरेसे घातक आहे, म्हणून थर पातळच असावा, काठांवर साबण साचू देऊ नये.

दुहेरी काचेचाही एक उपाय आहे. मुख्य काचेच्या आत दोन खुंट्यांवर बसवलेले पातळ प्लास्टिकचे दुसरे पटल आणि दोहोंमध्ये बंदिस्त हवेचा थर, अशी ही रचना असून पिनलॉक या डच कंपनीच्या नावाने ती प्रसिद्ध आहे. बंदिस्त हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने आतले पटल पावसाने गारठत नाही, आणि ते स्वतः थोडे पाणी शोषूनही घेते. ज्यांच्या हेल्मेटात ती सोय आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. त्या पटलाला मात्र साबण लावू नये, आणि ओले असताना ते घासू नये.

पेट्रोल, थिनर अथवा अमोनियायुक्त काच-सफाईचा द्रव पॉलिकार्बोनेटला कदापि लावू नये, त्याने त्यात बारीक तडे जातात; टूथपेस्टनेही ओरखडे पडतात, आणि ओरखड्यांत मळ साठून काच दिवाबत्तीच्या वेळी अधिकच धूसर दिसते. अशी काच बदलणे हाच योग्य मार्ग होय.

कोकणी पावसाळ्यातल्या एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे हेल्मेटच्या आतले अस्तर. काल भिजलेले अस्तर मुरुडच्या दमट हवेत रात्रभरात वाळत नाही; सकाळी ते डोक्याच्या उबेने तापू लागले की त्यातून निघणारी वाफ उच्छ्वासाच्या जोडीला येते, आणि कितीही साबण लावला तरी काच लवकर हार खाते. सुटे होणारे अस्तर काढून पंख्याखाली टांगावे. ते चुलीच्या उबेला धरले तरी चालेल, पण अख्खे हेल्मेट चुलीजवळ ठेवू नये, कारण त्याच्या आतला थर्माकोलसारखा थर उष्णतेने मऊ पडतो आणि अपघाताच्या क्षणी डोके वाचवणारा थर तोच आहे.

ज्या घरातून एखादा मुलगा किंवा मुलगी रोज सकाळी दुचाकीने दापोलीस कॉलेजला अथवा नोकरीला जाते, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी मृगाच्या आधी काचेवरचे ओरखडे एकदा पाहून घ्यावेत, आणि पावसाळाभर रात्री निजण्यापूर्वी अस्तर वाळत घालण्याची व काचेला साबणाचा थर देण्याची आठवण त्यांना द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पुढील लेखांकात रात्रीच्या पावसातील दिव्यांच्या झोताचा विचार करू.