वगार का वाढत नाही?

गटाचं कर्ज काढून वगार घेतली की आपण दिवस मोजू लागतो. माजावर कधी येईल, गाभण कधी राहील? पण माज वयापेक्षा वजनावर येतो. आपली पूर्णाथडी असो की गावरान, वजनच वाढलं नाही तर हप्ता सुरू आणि दूध नाही.

उन्हाळ्यात आपण घालतो ज्वारीचा कडबा, सोयाबीनचं कुटार. पोट भरतं, पण कडब्यात शेकडा ४ च्या आसपासच प्रथिनं. चारा वगार एकटी पचवत नाही. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्म जीव असतात, ते तो आंबवतात. विरजण कमजोर असलं की दही नीट लागत नाही, तसंच हे. चाऱ्यात प्रथिनं शेकडा ७-८ च्या खाली गेली की ते जीवच उपाशी राहतात. चारा पोटात रेंगाळतो, वगार खाणं कमी करते.

चारा आंबताना मिथेन वायू होतो आणि ढेकरेतून बाहेर पडतो. (मागून नाही, बैठकीत सगळ्या हसल्या होत्या!) तो हवा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. शिवाय चाऱ्यातली शेकडा ६ च्या आसपास ऊर्जा त्याच्याबरोबर जाते. म्हणजे आपलाच पैसा.

आता हिशोब करू. वगारीला १५० किलो वाढायचंय. रोज २०० ग्रॅम वाढली तर ७५० दिवस, ४०० ग्रॅम वाढली तर ३७५. चांगलं खाणारी वगार दिवसाला थोडा जास्त वायू सोडेलही, पण निम्म्या दिवसांत तयार होते. म्हणून किलोमागे मिथेन कमी. परदेशात मांसासाठीच्या गुरांचा हिशोबही असाच किलोमागे मांडतात.

आपला भाग कापसाचा, सरकी ढेप मिळते. तिच्यात प्रथिनं शेकडा २२ धरा. ३ किलो कडब्यातून १२० ग्रॅम, १ किलो ढेपेतून २२० ग्रॅम. ४ किलोत ३४०, म्हणजे शेकडा साडेआठ. सूक्ष्म जीवांचं भागलं, पण वाढत्या वगारीला आणखी लागतं. बांधावरच्या सुबाभळीचा पाला किंवा लसूणघास थोडी जोडा. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच ठेवा.

आणि जास्तीचा मोह नको. आम्ही हौसेनं ढेप दुप्पट केली होती. वजन काही दुप्पट वाढलं नाही, गोठ्यात डोळे मात्र चुरचुरायला लागले. जास्तीची प्रथिनं लघवीतून जातात, तोच तो वास. ढेपेचे पैसे नालीत गेले. रवंथ न करणाऱ्या लहान पिल्लाला तर सरकी ढेप देऊच नका, सरकीतलं गॉसिपॉल त्याला बाधतं.

वजनकाटा नसला तरी शिवणाची टेप आहे ना? पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, दर महिन्याला सकाळी, चारा घालण्याआधी. आकडा कर्जवहीत हप्त्याशेजारीच लिहा. पुढच्या बैठकीत त्या वह्या घेऊन या, आपण सगळ्या मिळून पाहू.