सक्तमजुरीतील चातुर्वर्ण्य

काही वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ सक्तमजुरीची शिक्षा भोगून घरी आला. मी विचारले, "आत काय शिकलास?" तो म्हणाला, "दादा, आज्याला येत हुतं त्येच. झाडू."

त्या तुरुंगात सुतारकामाचा कारखाना होता, शिवणयंत्रे होती. पण दाखल होताना कारकुनाने नावामागोमाग जात विचारली, रजिस्टरात लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला संडासाकडे पाठवले. सुतारकाम मागितले तेव्हा उत्तर मिळाले : तिथे माणसे भरली आहेत. आमचा आजा आयुष्यभर म्युनिसिपालटीचा झाडू मारत होता. तो कधी तुरुंगात गेला नव्हता. नातवाला मात्र वारसा सरकारने दिला.

कायदा काय सांगतो ते पाहू. कैद दोन प्रकारची : साधी आणि सक्तमजुरीची. १८६० च्या दंड संहितेतील हा भेद २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. सक्तमजुरीच्या कैद्याला काम करावेच लागते. इंग्रजी अमलात त्या कामाचा हेतू शरीर पिळून काढणे हा होता. पुढे सुधारणेची भाषा आली. १९८० साली नेमलेल्या मुल्ला समितीने तुरुंगातील कामाला धंदेशिक्षणाची जोड देण्यावर भर दिला. आज येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी असे उद्योग चालतात. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा प्रतवारीने मजुरी मिळते. सक्तमजुरी ही वेठबिगार ठरत नाही, पण कामाचा न्याय्य मोबदला द्यायलाच हवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला.

कागदावर हे सारे चांगले आहे. प्रश्न एवढाच, की कोणत्या कैद्याने रंधा धरायचा आणि कोणी खराटा, हे ठरवते कोण? अनेक राज्यांत ते तुरुंगाची नियमावलीच ठरवत होती. राजस्थानच्या १९५१ च्या नियमांत संडासाचे काम मेहतरांकडे होते आणि स्वयंपाकी ब्राह्मण किंवा पुरेशा वरच्या जातीचा हिंदू असावा अशी तरतूद होती. पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० साली हे उजेडात आणल्यावर, २०२१ मध्ये ते नियम बदलावे लागले. उत्तर प्रदेशची नियमावली तर २०२२ ची, म्हणजे अगदी ताजी. साध्या कैदेतल्या माणसाला हलके काम सांगू नये, असे ती म्हणत होती. पण अपवाद होता : तो माणूस अशा कामांची 'सवय' असलेल्या समाजाचा असेल तर सांगावे. न्यायाधीशाने ज्याला मजुरीची शिक्षाच दिलेली नाही, त्याला ती जात देत होती! गुन्ह्याची शिक्षा कोर्टाची, जन्माची शिक्षा मनूची. दोन्ही एकाच कोठडीत.

सुकन्या शांता यांच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. कामाची जातवार वाटणी ही अस्पृश्यता आहे, आणि दलितांवर हलकी कामे लादणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेली वेठबिगार आहे, असे न्यायालयाने म्हटले. तुरुंगातल्या रजिस्टरातून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आणि तीन महिन्यांत नियमावल्या सुधारण्याचा आदेश दिला. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्या भटक्या-विमुक्तांना 'सराईत' मानणारे नियमही त्याच निकालाने गेले.

हा विजय मोठा आहे. पण रकाना खोडला तरी आडनाव उरते, वस्तीचे नाव उरते, बोली उरते. कारकुनाला तेवढे पुरते. म्हणून आता कामवाटपाची यादी पाहिली पाहिजे. कारखान्यात कोण आहे, स्वयंपाकघरात कोण आहे, संडासात कोण आहे? संडासाचे काम पाळीपाळीने सगळ्यांना आहे का? सुटताना कोणाच्या हाती धंद्याचे प्रमाणपत्र पडते? आपल्यातील वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी ही माहिती मागावी, आणि मिळेपर्यंत मागत राहावी.

माझा भाऊ आज कंत्राटी सफाई कामगार आहे. सुधारणेच्या हिशेबात तो यशस्वी ठरेल. सुटला आणि कामाला लागला. रंधा मात्र त्याने अजून हातात धरलेला नाही.