विश्लेषण : साथीदाराला ‘खाणारा’ तारा आणि खोडदची दुर्बीण

पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात उभ्या असलेल्या ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीने एका अजब जोडीचा शोध लावला, त्याला आता दशक उलटून गेले. या जोडीतील एक तारा सेकंदाला सुमारे ४६३ वेळा स्वतःभोवती फिरतो. दुसरा त्याच्या माऱ्याने झिजत चालला आहे. तो पूर्ण नष्ट होणार का, या प्रश्नाभोवती अजूनही संशोधन सुरू आहे.

ही जोडी नेमकी कशी आहे?

स्वातीचा ठळक तारा ज्या भूतप तारकासंघात आहे, त्याच्या परिसरात ‘जे १५४४+४९३७’ हा पल्सार म्हणजे स्पंदक तारा आहे. मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला हा अतिघन गाभा. त्यातून निघणारा रेडिओ लहरींचा झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा फिरतो आणि दर २.१६ मिलिसेकंदांनी पृथ्वीवर एक ठोका पोहोचतो. त्याच्याभोवती अवघ्या २.९ तासांत एक साथीदार प्रदक्षिणा घालतो. साथीदाराचे वस्तुमान सूर्याच्या किमान १.७ टक्के, म्हणजे साधारण १८ गुरू ग्रहांएवढे आहे. एवढ्या वस्तुमानात हायड्रोजन जळून तारा पेटत नाही. त्यामुळे वजनाच्या हिशेबात तो ग्रह आणि तारा यांच्या मधल्या ‘तपकिरी बटू’च्या गटात बसतो. दोघांतील अंतर ढोबळमानाने आठ लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांच्यातील अंतराच्या दुपटीहून थोडे जास्त.

‘ब्लॅक विडो’ हे नाव का?

असा पहिला पल्सार १९८८ मध्ये पोर्तो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीने टिपला. नराला खाणाऱ्या कोळ्याच्या मादीवरून या गटाला ‘ब्लॅक विडो’ म्हटले जाते. नाव जरा सनसनाटीच. ती मादीही दर वेळी नराला खातेच असे नाही. पण गोष्टीत उपरोध खरा आहे. म्हातारा, मंदावलेला पल्सार साथीदाराकडून ओढलेल्या वायूच्या जोरावर पुन्हा गरगर फिरू लागतो आणि मग त्याच वेगातून निघणाऱ्या ऊर्जेने साथीदाराचेच थर उडवू लागतो.

पुण्याचा वाटा काय?

नासाच्या फर्मी उपग्रहाला २००८ पासून गॅमा किरणांचे असे अनेक स्रोत दिसले, ज्यांचा उगम कळत नव्हता. त्यांची जागाही धूसर होती. कमी वारंवारितेला जीएमआरटीची नजर पूर्ण चंद्राच्या दुपटीहून रुंद पट्टा एका वेळी पाहते, त्यामुळे धूसर पत्त्यावरही शोध घेता येतो. भास्वती भट्टाचार्य, जयंत रॉय आणि सहकाऱ्यांनी अशाच एका स्रोतात हा पल्सार शोधला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रेडिओ ठोक्यांचे वेळापत्रक हाती आल्यावर फर्मीच्या नोंदींतही तीच स्पंदने सापडली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची ही दुर्बीण पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘एनसीआरए’ चालवते.

ग्रहणात विशेष काय दिसले?

३२२ मेगाहर्ट्झवर प्रत्येक प्रदक्षिणेत सुमारे १३ टक्के काळ, म्हणजे बावीस-तेवीस मिनिटे, ठोके गायब होतात. ६०७ मेगाहर्ट्झवर मात्र त्याच वेळी पल्सार ऐकू येत राहतो. आडवा येणारा गोळा घन असता तर त्याने दोन्ही लहरी अडवल्या असत्या. शिवाय तेवढ्या मिनिटांत साथीदार कक्षेवर साडेसहा लाख किलोमीटर सरकतो. इतका रुंद तो असूच शकत नाही. म्हणजे पल्सारला झाकतो तो साथीदार नव्हे, तर त्याच्या अंगावरून उडालेला विद्युतभारित वायू. ग्रहण सुरू होण्याची वेळ दर खेपेस थोडी बदलते, यावरून हा वायू एकसारखा पसरलेला नसून गुठळ्यांचा असावा, असे दिसते.

पण वायू लहरी गिळतो कसा? २०२१ मध्ये देवज्योती कंसबनिक आणि सहकाऱ्यांनी अद्ययावत जीएमआरटीवर ३०० ते ८५० मेगाहर्ट्झचा पट्टा तपासला. ग्रहण लागण्याची सीमा ३४५ मेगाहर्ट्झच्या आसपास निघाली. चुंबकीय क्षेत्रात जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन लहरी शोषतात, हे स्पष्टीकरण त्यांना सर्वाधिक जुळणारे वाटले. तिथले चुंबकीय क्षेत्र सुमारे १३ गॉस आहे. पृथ्वीवर ते अर्ध्या गॉसच्या आसपास असते.

साथीदार पूर्ण संपेल का?

खरा वाद इथेच आहे. काही मिलिसेकंद पल्सार एकटेच सापडतात. १९८२ मध्ये सापडलेला अशा प्रकारचा पहिलाच पल्सार, सेकंदाला ६४२ फेऱ्यांचा, एकटा आहे. साथीदाराशिवाय वेग आला कुठून? ‘ब्लॅक विडो’ने तो संपवला, हे सरळ उत्तर. मात्र त्यासाठी साथीदाराचे वस्तुमान पुरेशा वेगाने घटायला हवे. तो दर ठरवायचा तर वायूची घनता हवी, आणि घनतेचा अंदाज लहरी कोणत्या कारणाने अडतात यावर अवलंबून असतो. कारण चुकीचे धरले तर आयुष्याचा हिशेबही चुकतो. म्हणूनच ३४५ हा रुक्ष वाटणारा आकडा महत्त्वाचा ठरतो. अशीच मोजमापे इतर ‘ब्लॅक विडो’ जोड्यांची जमली, की एकट्या पल्सारांचे कोडे या मार्गाने सुटते की दुसरे कारण शोधावे लागते, हे ठरवता येईल.